घरी वाचायच्या पानांची मोहीम

श्री भगवती रत्नदुर्गवासिनी समर्थ.

साहेबीं आज्ञा केली कीं, रत्नागिरी प्रांतीं दहावी इयत्तेच्या विज्ञानांत 'सजीवांतील जनन' म्हणोन जे प्रकरण आहे, त्याचा पूर्वार्ध म्हणजे झाडाझुडपांचा मुलूख दरसाल जिंकिला जातो, आणि उत्तरार्ध म्हणजे मनुष्यांचा मुलूख आजवर मास्तरांचे टाचेखाली आला नाहीं, तो यंदाचे पावसाळ्यांत कैसा दस्त जाहला, कोण लढले, कोण मागे सरले, आणि अखेर तह कोणाचे ओसरीवर जाहला, हे साद्यंत लिहोन पाठविणे. त्यावरून, पाहिले ते पाहिले म्हणोन, आणि ऐकिले ते चौघांस पुसोन, पदरचे न घालतां लिहिले असे. लेखनदोष असेल तो माफ करावा. विज्ञानदोष असेल तो कळवावा.

शहरांत एक शाळा, जांभ्या दगडाची, मातबर. तेथे विज्ञानाची सुभेदारी राजश्री गोपाळकृष्णपंत यांजकडे. पंत म्हणजे पालीच्या वाटेस पिढीजाद कलमांची बाग राखोन असलेले, उंचीने बेताचे, आवाजाने भारी, वनस्पतिमंडळाचे सरलष्कर, जास्वंदविदारक. फूल हातीं घेतले कीं पंतांचे अंगीं वारे संचरे. मग ते जास्वंद उभी चिरीत, आणि पुंकेसर कोणते, कुक्षी कोणती, परागकण कुक्षीवर पडोन त्यास नळी कैसी फुटते, आणि ती नळी अंडाशयापर्यंत भुयार खणीत कैसी जाते, हे ऐशा आवेशाने सांगत कीं, शेवटील बाकावर निजलेले शिलेदारही उठोन बसत. माडाची अखंड पोय भाट्याहून स्कूटरवर बांधोन आणीत, आणि वरती नरफुलांची दाटी, खालती बोंडांसारखी मादीफुले, ऐसे बोट लावोन दाखवीत. तो दिवस शाळेंत सणासारखा जाई.

परंतु पूर्वार्ध सरोन माणसांचे पान आले कीं, पंत घसा खाकरीत, पुस्तक मिटीत, आणि फर्मावीत कीं, पुढील भाग सोपा आहे, घरी वाचा. ऐसा शिरस्ता सालोसाल चालिला. कित्येक तुकड्या ते पान दप्तरांत घालोन घरी गेल्या, आणि बहुतेकांनी वाचिले नाहीं, आणि ज्यांनी वाचिले त्यांनी दार लावोन वाचिले आणि त्यांस समजले नाहीं, आणि पुसावे तर कोणास, म्हणोन जन्मभर तैसेच राहिले. पंतांस याचा विषाद नसे. ते म्हणत, आमचा निकाल उत्तम लागतो.

त्या समयीं भाट्याच्या पुलापलीकडे दर्यासारंग सुजयराव यांचे घर. सुजयराव परदेशी बोटीवर चाकरीस. सात समुद्रांची वादळे त्यांनी पाहिली, आणि हल्लीं रजेवर येऊन घरी होते. कुटुंब नम्रताबाई, माहेर लांज्याचे. कन्या दोन. वडील समीक्षा, ती पंतांचे शाळेंत दहावीस, आणि धाकटी उर्वी, ती बालवाडींत. आणि या सर्वांवर हुकमत मातोश्री येसूबाई यांची. येसूबाई म्हणजे कैलासवासी भागोजी तांडेल यांचे कुटुंब. अंगाने काटक, जिभेने त्याहून, आणि बंदरावर मासळीचा दर त्यांनी एकदां बोलिला कीं समोरील कोळीण दुसरा बोलत नसे.

त्याच आषाढांत नम्रताबाई प्रसूत होऊन तिसरी कन्या जाहली. कन्या सुदृढ, आवाज खणखणीत, नाकडोळे बापाचे. परंतु येसूबाईंचा मुखचंद्र काळवंडला, आणि त्यांनी ओसरीवरून जाहीर केले कीं, तिसरीच्या बारशाचा थाट कशास, पाळणा दोन वेळ सजविला तो पुरे. बाराव्या दिवशीं बारसे व्हावे ऐसा रिवाज, तो दिवस टळला. कन्येस नांव नाहीं. सर्व तिला 'ही' म्हणत. मग येसूबाई चहा देतां एक वाक्य बोलत, भात वाढतां दुसरे बोलत, आणि सर्व वाक्यांचा मथितार्थ एकच कीं, लांज्याच्या कुशींत मुलगा नाहीं. शेजारणी येऊन मान डोलावीत. कोणी अमुक देवाचा नवस सांगे, कोणी तमुक पाला दुधांत उगाळावयास सांगे. नम्रताबाई बाळास अंगावर घेऊन भिंतीकडे तोंड करोन बसत. आणि सुजयराव, ज्यांनी बिस्केच्या उपसागरांत सुकाणू सोडिले नाहीं, ते मातोश्रींचे पुढे मोबाइलांत हवामान पाहात बसत.

हे सर्व समीक्षा पाहात होती. ती मुलगी अबोल, परंतु एक गोष्ट डोक्यांत शिरली तर ती बाहेर काढणे देवासही कठीण. तिने पुस्तक उघडिले, घरी वाचावयाचे पान काढिले, आणि शाळेच्या इतिहासांत प्रथमच कोणी ते दार न लावितां घरी वाचिले. तेथे लिहिले होते कीं, अपत्य मुलगा होणे अथवा मुलगी होणे हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. समीक्षाने ती ओळ पुन्हां वाचिली, आणि मग पुस्तक घेऊन माजघरांत गेली. तेथे येसूबाई सुक्या कोळंबीचे सोडे निवडीत होत्या.

समीक्षा म्हणाली, "आजी, मुलगा की मुलगी हे बाबांकडून ठरतं. आईकडून नाही. पुस्तकात छापलंय."

येसूबाईंचा हात सोड्यांतून थांबला नाहीं. त्यांनी पुसिले, "मास्तरांनी शिकवलंन काय ह्यां?"

"नाही. घरी वाचा म्हणाले."

"मग? एवढा शिकलेला मास्तर जां तोंडातून काढत नाय, तां खरां कसां असंल गो?"

समीक्षा पुस्तक मिटोन ओसरीवर आली. बहुत विचार करितां तिचे ध्यानीं आले कीं, आजीचे म्हणणे चुकीचे असले तरी बिनतोड आहे. जे शाळेंत बोलिले जात नाहीं ते घरांत चालत नाहीं. म्हणजे लढाई घरी नसोन वर्गांत आहे. तेव्हां तिने मनांत मसलत केली कीं, पंतांचे मुखातून ती ओळ वदवावी, मग पुढे जे होईल ते होईल.

मग मोहिमेस आरंभ जाहला. पंतांनी पूर्वार्धाचा शेवटील बुरूज, म्हणजे फळ आणि बीज, सर केला, घसा खाकरिला, पुस्तक मिटिले, आणि पुढील भाग सोपा आहे ऐसे बोलोन खडू ठेविला. इतक्यांत समीक्षा उभी राहिली आणि विनंती केली कीं, सर, घरी वाचले, समजले नाहीं, आपण शिकवावे. पंतांनी ऐकून न ऐकिल्यासारखे केले, आणि त्वरेने माडाचे आडोशास गेले, म्हणाले कीं, जननाचे मर्म जाणणे असेल तर माड पुन्हां पाहावा, एकाच पोयींत नर आणि मादी दोन्ही नांदतात. समीक्षा म्हणाली, माड कळला. तेव्हां पंत माड सोडोन पपईवर गेले, आणि तेथेच घात जाहला. कारण पपईंत नरझाड वेगळे आणि मादीझाड वेगळे, हे रत्नागिरींत ज्याचे परसांत पपई आहे तो शेंबडा पोरही जाणतो. पंत सांगूं लागले कीं, रोप लहान असतां कळत नाहीं, फुलोरा आला कीं मग कळते, आणि नर निघाले तर मालक कपाळावर हात मारितो.

समीक्षाने पुसिले कीं, ते कशावरून ठरते. पंत बोलोन गेले कीं, बीजांतील गुणसूत्रांवरून. समीक्षाने पुसिले, आणि माणसांत. पंतांचे मुखीं शब्द आला, परत गेला, पुन्हां आला. इतक्यांत शिपायाने घंटा दिली, आणि पंत इतक्या चपळाईने बाहेर पडिले कीं त्यांची छत्री वर्गांतच राहिली, आणि ते शिक्षकांचे खोलीपर्यंत भिजत गेले. पहिली लढाई ऐसी बरोबरींत सुटली.

दुसरी मसलत मुख्याध्यापिका उमाबाई साहेब यांचे दरबारीं. समीक्षा गेली, सोबत वेदिका म्हणोन तिची मैत्रीण गेली, आणि वर्गाचा मॉनिटर गौरव हाही गेला. गौरवाची समजूत ऐसी होती कीं, हे शिष्टमंडळ खेळाचा तास वाढवोन मागण्यासाठीं आहे. खरी मागणी ऐकितांच त्याचे कान तांबडे जाहले, परंतु दार बंद होते, आणि दाराशी वेदिका उभी होती, म्हणोन तोही वीर ठरला.

उमाबाई भूमितीच्या. त्यांस सिद्धतेवाचून काही पटत नसे. त्यांनी पंतांस पाचारण करोन कारण पुसिले. पंतांनी अर्ज केला कीं, मुले आणि मुली एकत्र बसतात, पालक तक्रार करितील, वेळ अपुरा आहे, आणि मनुष्यदेहाचा तक्ता वाळवीने खाल्ला आहे. उमाबाईंनी तक्ता पाहूं म्हटले. कपाटातून तक्ता आणिला, तो घेतल्या दिवसापासोन गुंडाळलेलाच होता, आणि उलगडिला तों डोके शाबूत, पाऊले शाबूत, आणि मधील सर्व प्रांत वाळवीने साफ केलेला. उमाबाईंनी तो भिंतीस धरोन बहुत वेळ पाहिला, आणि म्हणाल्या कीं, या शाळेंतील वाळवीही लाजाळू दिसते. मग हुकूम दिला कीं, पुढील सोमवारीं हे पान शिकविले जावे, पालक आले तर त्यांस मी पाहीन. पंतांनी सुचविले कीं, बाईंनीच शिकवावे. उमाबाईंनी उत्तर केले कीं, माझ्या विषयांत वर्तुळास अपत्ये होत नाहींत.

पंत दरबारातून बाहेर आले ते रुष्ट होऊन आले. व्हरांड्यांत समीक्षा उभी होती. पंतांनी तिला जवळ बोलाविले आणि जरा करड्या स्वरांत पुसिले कीं, बोर्डाचे परीक्षेंत या पानावर फार गुण नसतात, तरी तुला इतकी निकड कसली.

समीक्षा म्हणाली, "सर, माझ्या आईला तिसरी मुलगी झाली. घरात सगळे आईलाच बोलतात. पुस्तकात लिहिलंय की ते तिच्याकडून ठरत नाही. मी आजीला दाखवलं, तर आजी म्हणते, मास्तर जे शिकवत नाहीत ते खरं नसतं."

पंतांचा राग जेथल्या तेथे विरला. त्यांनी व्हरांड्याच्या खांबास हात लाविला, आणि पावसाकडे तोंड केले. त्यांचे डोळ्यांपुढे तुकड्यांमागून तुकड्या आल्या, ज्यांस त्यांनी जास्वंद दिली, पपई दिली, आणि नेमके जे घरांत लागणार ते घरी वाचा म्हणोन हवालीं केले. त्यांस पुसावेसे वाटले कीं, बाळाचे नांव काय. समीक्षा म्हणाली, अजून ठेविले नाहीं. पंत इतकेच म्हणाले, "सोमवारी शिकवतो."

म्हटले खरे, परंतु शब्द देणे वेगळे आणि शब्द उच्चारणे वेगळे. रविवारीं सकाळीं पंत छत्री घेऊन आपले बागेंत गेले, आणि कलमांस समोर रांगेने उभी मानोन तालीम करूं लागले. अंडपेशी म्हणाले, ते बरे जमले. गर्भाशय म्हणाले, तेही निभावले. परंतु पुढील शब्दापाशीं घोडे अडले. पंत तो शब्द एका दमांत बोलोन टाकीत, आणि बोलतां बोलतां छत्री कानावर ओढीत. पंतांच्या कुटुंबाने विहिरीकडोन हे सर्व ऐकिले होते. ती बाई कळशी खाली ठेवोन म्हणाली, "शुक्राणू म्हणताना तुमचा आवाज कुठे जातो? झाडांनासुद्धा ऐकू आलं नसेल." पंत वरमले. मग बाईने कठड्यावर बैठक मारिली आणि फर्माविले कीं, मी येथे बसते, मला ऐकू येईतों म्हणा. पंत म्हणत गेले, बाई मान हलवीत गेली, आणि अखेर पंतांनी तो शब्द ऐसा खणखणीत उच्चारिला कीं शेजारील बागेंतील गडी फणस उतरवितां थांबला आणि ओ दिली.

सोमवार उजाडला. वर्ग गच्च. मागील बाकावर उमाबाई साहेब स्वतः कुमक म्हणोन येऊन बसल्या. पंत आले, फळ्याकडे गेले, आणि मथळा लिहितांना खडू मोडिला. दुसरा घेतला, तोही मोडिला. मग मोडक्या तुकड्यानेच लिहिले आणि वर्गाकडे वळोन म्हणाले कीं, आपण परागकण पाहिला, बीजांड पाहिले, आज माणसांत त्यांचे जागीं काय असते ते पाहूं. आणि मग पंत शिरले. स्त्रीचे शरीरांत दोन अंडाशय, प्रत्येक महिन्यांत एक अंडपेशी पक्व होते, गर्भधारणा न जाहली तर गर्भाशयाचे आतील अस्तर झडोन जाते, तीच मासिक पाळी, यांत लाजिरवाणे किंवा अशुद्ध काही नाहीं. ऐसे बोलत बोलत पंत त्या शब्दापाशीं आले. आणि शब्द उच्चारिला, तो स्पष्ट, भारी, विहिरीपर्यंत जाईल ऐसा.

गौरव खुदकन् हसला. त्यासरशी मागील फळी हसावयास तयार जाहली. पंतांनी रागे न भरितां गौरवास फळ्याशी बोलाविले आणि आज्ञा केली कीं, पेशी काढ, केंद्रक काढ, गुणसूत्रांच्या जोड्या काढ. गौरवाने पेशी काढिली, ती आंबोळीसारखी निघाली, परंतु जोड्या काढितां काढितां त्याचे हसू कोठे गेले त्याचे त्यासही कळले नाहीं, कारण तेवीस जोड्या मांडणे हसत हसत होत नाहीं. मग पंतांनी तेविसाव्या जोडीवर बोट ठेविले. स्त्रीचे ठायीं एक्स आणि एक्स. पुरुषाचे ठायीं एक्स आणि वाय. आईकडोन एक येतो, बापाकडोन एक येतो. वेदिकेने हात वर करोन पुसिले कीं, म्हणजे आईकडे वाय नसतोच का. पंत म्हणाले, नसतोच. आणि हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिले, खाली दोन रेघा ओढिल्या. समीक्षाने ते रेघांसहित उतरवोन घेतले. घंटा जाहली तरी कोणी उठले नाहीं.

दुसरे दिवशीं एक पालक तक्रार घेऊन आले. उमाबाईंनी त्यांस पुस्तक देऊन आक्षेपाची ओळ मोठ्याने वाचावयास सांगितले. त्यांनी दोन शब्द वाचिले, आणि बँकेंत काम असल्याची आठवण होऊन ते माघारी गेले.

समीक्षा घरी गेली आणि वर्दी दिली कीं, मास्तरांनी शिकविले. येसूबाईंनी क्षणभर विचार केला आणि मोर्चा फिरविला. म्हणाल्या, "तुला शिकवलंन. माझ्यासमोर बोलूदे." येसूबाईंचा अदमास ऐसा कीं, मास्तर कशास येतो. परंतु समीक्षाने निरोप दिला, आणि पंत आले. रेनकोट घालोन, स्कूटरवर, भर वाऱ्यांत भाट्याचा पूल ओलांडोन आले. ओसरीवर सुजयराव बसले होते, ते पंतांस पाहतांच मोबाइल ठेवोन ताडकन् उभे राहिले आणि हात बांधिले. कारण सुजयरावही पंतांचे विद्यार्थी.

पंतांनी चहा घेतला, आणि येसूबाईंकडे दोन वाट्या आणि चवळी मागितली, पांढरी आणि तांबडी. एका वाटींत नुसती पांढरी घातली. दुसरींत पांढरी आणि तांबडी निम्मेनिम्म मिसळिली. म्हणाले, "काकी, ही वाटी आईची. हिच्यात पांढरीच. ही बापाची. दोन्हीतून एकेक दाणा उचलायचा. दोन पांढरे आले तर मुलगी. एक तांबडा आला तर मुलगा. डोळे मिटा."

येसूबाईंनी डोळे मिटिले आणि उचलिले. दोन पांढरे. पुन्हां उचलिले. दोन पांढरे. मग त्यांनी बापाचे वाटींत बोटांनी चाचपोन पाहिले, परंतु चवळी सारखीच लागते. तिसऱ्या वेळीं तांबडा आला, आणि त्या ऐशा हर्षित जाहल्या जैसी गलबत भरोन सुरमई आली. पुढे कितीएक वेळ त्या खेळतच राहिल्या. उर्वी येऊन शेजारी बसली आणि पांढरे दाणे आपल्या झग्यांत जमवूं लागली. खेळतां खेळतां येसूबाईंचा हात मंदावला. त्यांनी आईची वाटी उचलोन तळापर्यंत ढवळिली, आणि खाली ठेविली.

"हिच्यात तांबडा नायच," त्या म्हणाल्या.

"नाहीच," पंत म्हणाले.

"म्हणजे दोष सगळा माझ्या लेकाचा?"

"दोष कोणाचाच नाही, काकी. ठरतं त्याच्याकडून, पण त्याच्या हातात नाही. तुम्ही डोळे मिटून उचललंत, तसंच." मग पंत सुजयरावांकडे वळले. "सुजय, तू दहावीला माझ्याकडे होतास. ह्या पानाला मी काय म्हणालो होतो?"

"घरी वाचा म्हणालात, सर."

"वाचलंस?"

"नाही, सर."

पंत म्हणाले, "चूक माझी आधी. पण आता तुला माहीत आहे."

सुजयराव उभेच होते. मग ते आंत गेले. आंत काय बोलणे जाहले ते बखरकारास ठाऊक नाहीं, कारण ते हळू जाहले. परंतु बाहेर आले तेव्हां बाळ त्यांचे हातीं होते, आणि मागोमाग नम्रताबाई होत्या, आणि कित्येक दिवसांनीं त्या ओसरीवर आल्या.

येसूबाई भिंतीकडे पाहात होत्या. तेथे भागोजी तांडेलांची तसबीर होती, चंदनाचा हार घातलेली. येसूबाईंनी पुसिले, "माझ्या वाटीत पण नव्हता?"

पंत म्हणाले, "कुठल्याच बाईच्या वाटीत नसतो."

येथे सांगणे अवश्य कीं, सुजयराव होण्यापूर्वीं येसूबाईंस पांच कन्या ओळीने जाहल्या होत्या. आणि त्या दरएक कन्येमागे सासूने काय ऐकविले, भागोजींनी दुसरे लग्नाची गोष्ट कितीदां काढिली, हे त्या घरांत कोणास सांगितलेले नव्हते. येसूबाई उठोन तसबिरीपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ऐकलंस? तांबडा तुझ्याकडं होता. दडवून बसला होतास तू." मग पुढे त्यांनी मृत तांडेलांस जे सुनाविले, ते सर्व लिहिले असतां कागद पुरणार नाहीं. पंतांनी अर्ज केला कीं, काकी, त्यांचेही हातांत नव्हते. येसूबाईंनी फर्माविले, "तुमी गप ऱ्हा मास्तरानू. चाळीस वर्सां मी गप ऱ्हायलंय." पंत गप राहिले. पाऊस उणा जाहला तेव्हां निरोप घेऊन निघाले, आणि येसूबाईंनी त्यांस सोड्यांची पिशवी दिली. पंत शाकाहारी. तरी त्यांनी ती दोहीं हातीं घेतली.

मग तह जाहला. कलमे लिहिली नाहींत, परंतु पाळिली गेली. नवसाच्या शेजारणींस ओसरीवरूनच निरोप मिळाला, पाल्याची जुडी गाईपुढे गेली, आणि श्रावणांत बारसे मुक्रर जाहले. मंडप घातला, पाळणा फुलांनी सजविला, लांज्याहून नम्रताबाईंचे आईवडील आले, त्यांस येसूबाईंनी स्वहस्तें पाट मांडिला. पंत सपत्नीक आले. उमाबाई साहेब आल्या. समीक्षा, वेदिका आणि गौरव यांनी पंगत वाढिली. आणि सुजयरावांच्या पांचही बहिणी, कोणी पालीहून, कोणी मुंबईहून, मुलांबाळांसह दाखल जाहल्या, कारण बाळाचे कानांत नांव सांगणे हा आत्यांचा हक्क.

पाळण्याभोवतीं बायका जमल्या, तेव्हां येसूबाईंनी हात वर करोन पाळणागीत थांबविले. सर्वांस वाटले, आतां काही मोडते. येसूबाईंनी आपल्या पांच लेकींस समोर घेतले, थोरलीपासोन धाकटीपर्यंत एकेकीकडे पाहिले, आणि बोलत्या जाहल्या:

"तुमी झालांत म्हणून मी बोलणी खाल्ली. आणि तो राग मी तुमच्यावर काढलाय. दोन्ही उगाच होतां. मास्तरांनी दाखवलंन मला."

थोरली, जी स्वतः आजी जाहलेली, ती पदर तोंडास लावोन मटकन् खाली बसली. धाकटीने आईचा हात धरिला. मग येसूबाई सुनेकडे वळल्या, आणि जे दोन बारशांत जाहले नव्हते ते केले. पुसिले, "काय नाव ठेवायचां, तू सांग."

नम्रताबाईंनी प्रथम नवऱ्याकडे पाहिले नाहीं, सासूकडे पाहिले नाहीं. पाळण्यांत पाहिले.

"राही," त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे घरी वाचावयाच्या पानांची मोहीम फत्ते जाहली. मुलूख दस्त जाहला तो पंतांनी पुढील सालाकरितांही राखावयाचे कबूल केले, आणि नवा तक्ता वाळवीचे औषध मारोन वर्गाचे भिंतीस कायमचा टांगिला. फौजेपैकी कोणी पडिला नाहीं. खर्ची पडिले ते दोन खडू आणि शेरभर चवळी. कन्येचे नांव राही, मातेने ठेविले. पांचही आत्यांनी एकामागोन एक कानांत कुर्र करोन सांगितले, आणि पांचव्या आत्येस कन्येने सर्व शक्तीनिशीं रडोन हरकत घेतली. हरकत नोंदवोन घेतली असे. नांव कायम.